गाडी किती अंतरात थांबेल? सूत्र सोपे, आकड्यांची निवड अवघड

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: ताशी ६० कि.मी. वेगाने चाललेल्या मोटारीच्या चालकाला ४० मीटर पुढे अडथळा दिसला, तर गाडी त्याच्याआधी थांबेल का, हे गतिविषयक समीकरणांनी कसे काढायचे, आणि गाडीचे वजन वाढले तर हे अंतर वाढते का?

निष्कर्ष आधी सांगतो. रस्ता कोरडा, टायर चांगले आणि चालक पूर्ण सावध असेल, तर ही गाडी सुमारे साडेतीन मीटर राखून थांबेल. त्याच चालकाला सावध व्हायला अर्धा सेकंद जास्त लागला, तर ती अडथळ्यावर ताशी ३० कि.मी. वेगाने आदळेल, आणि त्यात रस्ताही ओला असेल, तर आदळतानाचा वेग ताशी ४३ कि.मी.च्या पुढे जाईल. तिन्ही वेळा सूत्र एकच आहे. वाहनांच्या ब्रेकच्या चाचण्या घेण्यात बरीच वर्षे गेल्यावर माझे मत असे झाले आहे की या विषयातल्या चुका समीकरणात क्वचितच होतात; त्या समीकरणात घालायचे आकडे निवडताना होतात. म्हणून सूत्र लवकर आटोपतो आणि आकड्यांकडे वळतो.

धोका दिसतो त्या क्षणापासून गाडी पूर्ण थांबेपर्यंतचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. पहिल्या टप्प्यात चालक धोका ओळखतो, ब्रेक लावायचे ठरवतो आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर नेतो. या काळात, म्हणजे प्रतिक्रिया काळात, गाडी जवळपास मूळ वेगानेच पुढे जात असते. दुसऱ्या टप्प्यात ब्रेक लागतात आणि वेग कमी होत शून्यावर येतो. वेग-काल आलेख काढल्यास पहिला टप्पा आयताच्या आणि दुसरा काटकोन त्रिकोणाच्या रूपात दिसतो. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजेच कापलेले अंतर असल्यामुळे या दोन आकृत्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज केली की उत्तर मिळते:

थांबण्याचे अंतर = (वेग × प्रतिक्रिया काळ) + वेग² ÷ (२ × मंदन)

यातील मंदन म्हणजे ऋण त्वरणाचे परिमाण. गतीच्या तिसऱ्या समीकरणात अंतिम वेग शून्य आणि त्वरण ऋण घेतले तरी दुसरे पद हेच येते. मात्र आलेखावरून एक गोष्ट नजरेत भरते, ती अशी की वेग दुप्पट केला तर आयत दुप्पट होतो आणि त्रिकोण चौपट होतो.

एककांबद्दल दोनच वाक्ये पुरेत. वेग मीटर प्रति सेकंदात घ्यावा लागतो आणि त्यासाठी ताशी कि.मी.च्या आकड्याला ३.६ ने भागायचे. हे विसरून थेट ६० चा वर्ग केला तर ब्रेकचे अंतर ३.६ च्या वर्गाने, म्हणजे जवळजवळ १३ पटींनी फुगते आणि मोटार पाव किलोमीटरमध्ये थांबते असे विचित्र उत्तर मिळते.

आता मूळ उदाहरण. ६० भागिले ३.६ म्हणजे १६.६७ मी./से. मंदन ७ मी./से.² धरू आणि प्रतिक्रिया काळ १ सेकंद. पहिल्या टप्प्यात १६.६७ मीटर जातात. दुसऱ्या टप्प्यात १६.६७ चा वर्ग, म्हणजे २७७.८, भागिले १४, म्हणजे १९.८४ मीटर. बेरीज ३६.५ मीटर, गाडी थांबली. प्रतिक्रिया काळ दीड सेकंद धरला तर पहिल्याच टप्प्यात २५ मीटर संपतात, ब्रेकसाठी १५ मीटर उरतात आणि हवे असतात १९.८४. उरलेला वेग काढण्यासाठी २७७.८ मधून २ × ७ × १५ म्हणजे २१० वजा करायचे, ६७.८ उरतात, त्यांचे वर्गमूळ ८.२३ मी./से., म्हणजे ताशी २९.६ कि.मी. ओल्या रस्त्यासाठी मंदन ४.४ घेतले तर हाच हिशोब ताशी ४३.५ कि.मी.वर जातो.

हे दोन टप्पे कोणत्या वेगाला सारखे होतात, हे पाहणे उद्बोधक आहे. दोन्ही पदे समान ठेवली की वेग = २ × मंदन × प्रतिक्रिया काळ असे मिळते. मंदन ७ आणि काळ दीड सेकंद असेल तर हा वेग २१ मी./से., म्हणजे ताशी सुमारे ७६ कि.मी. येतो. याचा अर्थ असा की कोरड्या रस्त्यावर त्याहून कमी वेगाने जाणारी गाडी थांबेपर्यंत जे अंतर कापते, त्यातले निम्म्याहून अधिक अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपलेले असते. शहरी वेगाला चांगल्या ब्रेकपेक्षा रस्त्यावर असलेले लक्ष अधिक मीटर वाचवते, असे मी म्हणतो ते याच आकड्यावरून. फोनकडे दोन सेकंद पाहणारा चालक ताशी ६० कि.मी.ला ३३ मीटर न बघता जातो, आणि त्याचा प्रतिक्रिया काळ त्यानंतर सुरू होतो.

प्रतिक्रिया काळाचा आकडा नेमका किती घ्यावा, यावर अधिकृत तक्त्यांतही एकवाक्यता नाही. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’मध्ये थांबण्याच्या अंतरांचा एक प्रसिद्ध तक्ता आहे. त्यात ताशी ३० मैलांना ९ मीटर प्रतिक्रियेत आणि १४ मीटर ब्रेकमध्ये, तर ताशी ७० मैलांना २१ आणि ७५ मीटर दिले आहेत. या आकड्यांवरून उलटा हिशोब केला तर प्रतिक्रिया काळ सेकंदाचा दोन-तृतीयांश आणि मंदन सुमारे ६.५ मी./से.² गृहीत धरल्याचे दिसते. याउलट महामार्गांच्या आखणीसाठी अमेरिकेतील ‘ॲश्टो’ ही संघटना २.५ सेकंद आणि ३.४ मी./से.² हे आकडे वापरते. ताशी १०० कि.मी. वेगासाठी पहिल्या पद्धतीने सुमारे ७८ मीटर येतात आणि दुसऱ्या पद्धतीने १८३, जे पुढे १८५ पर्यंत पूर्णांकित केले जातात. वेग एकच आणि दोन्ही आकडे अधिकृत, तरी फरक दुपटीहून जास्त आहे. आणि तरीही दोहोंपैकी एकालाही चूक म्हणता येत नाही, कारण पहिल्याने चालकाला अंतराची ढोबळ कल्पना द्यायची आहे, तर दुसऱ्याला वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर किती लांबचे दिसले पाहिजे हे ठरवायचे आहे, जिथे वयस्कर, थकलेला आणि ओल्या रस्त्यावर बेताचेच ब्रेक लावणारा चालकही सामावून घ्यावा लागतो.

माझ्या दृष्टीने दोन-तृतीयांश सेकंद हा आकडा आशावादी आहे. ब्रेक लावायचे आहेत हे आधीपासून ठाऊक असलेला, पाय तयार ठेवून बसलेला माणूस तेवढ्या वेळात ब्रेक लावतो. चाचणीच्या धावपट्टीवर आमचे चालक तसेच बसलेले असतात. रस्त्यावर अनपेक्षित गोष्ट समोर येते तेव्हा डोळ्यांनी पाहणे, मेंदूने ओळखणे, निर्णय घेणे आणि पाय हलवणे या सगळ्याला सव्वा ते दीड सेकंद सहज लागतात. स्वतःच्या हिशोबासाठी दीड सेकंद धरावा, रात्री किंवा लांबच्या प्रवासाच्या शेवटी दोन धरावेत. ब्रेकच्या उत्कृष्ट कामगिरीबरोबर उत्कृष्ट प्रतिक्रिया काळ जोडून काढलेले उत्तर वर्गात बरोबर ठरते, परंतु रस्त्यावर ते फारच थोड्या प्रसंगांना लागू पडते.

आता मंदन आणि त्यासोबत वजनाचा प्रश्न. गाडीला थांबवणारे बल शेवटी टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातूनच येते. ब्रेक चाकाला अडवतात आणि चाक रस्त्याला धरते. सपाट रस्त्यावर हे बल जास्तीत जास्त घर्षण गुणांक × वस्तुमान × गुरुत्व त्वरण इतके असू शकते. न्यूटनच्या दुसऱ्या नियमानुसार मंदन काढण्यासाठी त्याला वस्तुमानाने भागले की वस्तुमान निघून जाते आणि उरते:

कमाल मंदन = घर्षण गुणांक × ९.८ मी./से.²

ऊर्जेच्या अंगाने पाहिले तरी तेच दिसते: वजन दुप्पट झाले तर गतिज ऊर्जा दुप्पट होते, पण रस्त्यावरचा दाब आणि म्हणून घर्षणबलही दुप्पट होते. तेव्हा निव्वळ भौतिकशास्त्राच्या आदर्श चौकटीत वजनाचा थांबण्याच्या अंतराशी संबंध नाही. अवजड वाहने तरीही लांब जाऊन थांबतात, त्याची कारणे दुसरीकडे आहेत आणि त्यांच्याकडे थोड्याच वेळात येतो.

घर्षण गुणांक कोरड्या डांबरी किंवा काँक्रीटच्या रस्त्यावर साधारण ०.७ ते ०.८ असतो. रस्ता ओला झाला की तो ०.४ ते ०.५ पर्यंत येतो, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२ ते ०.३ आणि गोठून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या बर्फावर ०.१ च्या आसपास राहतो. वर ७ मी./से.² घेतले होते ते ०.७ × ९.८ म्हणजे ६.८६ चे पूर्णांकित रूप, आणि ४.४ हे ०.४५ चे. ओल्या रस्त्याचा आकडा मात्र सर्वांत बेभरवशाचा आहे, कारण तो वेगाबरोबर घसरतो आणि टायरच्या नक्षीवर अवलंबून असतो. नक्षीच्या खाचा पाणी बाजूला सारण्यासाठीच असतात. टायर झिजून गुळगुळीत झाला की पाण्याला जायला वाट राहत नाही. पाण्याचा थर जाड असेल तर एका मर्यादेनंतर टायर त्या थरावर तरंगू लागतो आणि ब्रेक व स्टिअरिंग दोन्ही निकामी होतात. विमानांच्या टायरवरील प्रयोगांतून नासाच्या संशोधकांनी काढलेले एक ढोबळ सूत्र असे सांगते की हा वेग, नॉटमध्ये मोजल्यास, टायरमधील हवेच्या पीएसआयमधील दाबाच्या वर्गमुळाच्या ९ पट असतो. ३२ पीएसआय दाबासाठी हे ५१ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९४ कि.मी. होतात. मोटारीच्या टायरला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही आणि झिजलेला टायर त्याहून बऱ्याच कमी वेगाला तरंगू शकतो. पण टायरमधली हवा कमी असली की ही मर्यादा खाली येते, एवढा बोध त्यातून नक्की घेता येतो.

आणखी एक भेद इथे महत्त्वाचा आहे. चाक फिरत असताना टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जवळपास स्थिर असतो. चाक जाम झाले की तोच भाग रस्त्यावर फरफटत जातो आणि घर्षण कमी होते. सर्वाधिक पकड या दोन टोकांच्या मध्ये मिळते, म्हणजे चाकाची फिरण्याची गती गाडीच्या गतीपेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी मागे असताना. एबीएस यंत्रणा चाकाला याच पट्ट्यात ठेवण्याचा प्रयत्न करते. तिचा मुख्य उपयोग असा की करकचून ब्रेक दाबलेले असतानाही गाडी वळवता येते. थांबण्याचे अंतर मात्र प्रत्येक वेळी कमी होतेच असे नाही, आणि सुट्या खडीवर किंवा ताज्या बर्फावर ते वाढूही शकते, कारण तिथे जाम झालेले चाक पुढे खडीचा किंवा बर्फाचा ढीग करून स्वतःला अडवत असते.

चाचणीत गाडी थांबतानाचा मंदनाचा प्रत्यक्ष आलेख पाहिला तर पुस्तकातली सरळ रेषा दिसत नाही. पेडल दाबल्यावर मंदन क्षणार्धात ७ वर पोहोचत नाही. ते सेकंदाचा काही अंश घेत चढते, मग एबीएसच्या बारीक कंपनांसह एका पातळीवर टिकते, आणि गाडी थांबण्याच्या क्षणी एकदम खाली कोसळते, तेव्हा पुढे दबलेली गाडी झटक्याने मागे सरते आणि आत बसलेल्यांना तो हिसका जाणवतो. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या ब्रेकविषयक नियमांत सरासरी मंदन मोजताना सुरुवातीच्या वेगाच्या ८० टक्क्यांपासून १० टक्क्यांपर्यंतचाच भाग घेतला जातो आणि दोन्ही टोके वगळली जातात.

या नियमांतील एक सूत्र उलगडून पाहण्यासारखे आहे. मोटारींसाठीच्या ‘१३-एच’ क्रमांकाच्या नियमानुसार ताशी १०० कि.मी. वेगावरून घ्यायच्या मूळ चाचणीत थांबण्याचे अंतर ०.१ × वेग + ०.००६ × वेग² यापेक्षा जास्त चालत नाही, आणि इथे वेग ताशी कि.मी.मध्ये आहे. म्हणजे १० अधिक ६०, एकूण ७० मीटर. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. पहिल्या पदातील ०.१ ला ३.६ ने गुणले की ०.३६ सेकंद मिळतात. तो ब्रेकचे बल तयार होण्यासाठी दिलेला वेळ आहे. दुसऱ्या पदातील ०.००६ म्हणजे १ भागिले (२ × ६.४३ × १२.९६), त्यातले १२.९६ हा ३.६ चा वर्ग आणि ६.४३ मी./से.² हे नियमाने मागितलेले किमान सरासरी मंदन. आपलेच सूत्र दुसऱ्या एककांत लिहिलेले आहे, इतकेच. बस आणि मालवाहू वाहनांच्या नियमात ही पदे ०.१५ × वेग आणि वेग² ÷ १३० अशी आहेत, म्हणजे ०.५४ सेकंद आणि ५ मी./से.². लक्षात घ्यावे की यांत चालकाचा प्रतिक्रिया काळ धरलेलाच नाही. घड्याळ पेडलला पाय लागल्यापासून सुरू होते, आणि जाहिरातींत दिसणारी ब्रेकची अंतरेही अशीच असतात.

वजनाच्या प्रश्नाचे उरलेले उत्तर याच दोन सूत्रांत आहे. एअर ब्रेकमध्ये पेडल दाबल्यावर हवा नळ्यांतून प्रत्येक चाकापर्यंत पोहोचून दाब तयार व्हायला द्रवाच्या ब्रेकपेक्षा जास्त वेळ लागतो. लांब ट्रेलरमध्ये तो आणखी वाढतो. ट्रकच्या टायरचे रबर हजारो किलोमीटर टिकावे म्हणून कठीण बनवलेले असते आणि त्याची पकड मोटारीच्या टायरपेक्षा कमी असते. शिवाय वस्तुमान सूत्रातून निघून जाते ते ब्रेक चाकाला हव्या त्या बलाने अडवू शकतात या अटीवर. क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेल्या वाहनात ब्रेकचे बल आधी अपुरे पडते, रस्त्याची पकड शिल्लक असूनही वापरता येत नाही, आणि अशा वेळी मंदन खरोखरच वजनाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे वजन वाढले की अंतर वाढते हा चालकांचा अनुभव आणि वस्तुमान निघून जाते हे पुस्तकातील विधान, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत.

दुचाकीबाबत एक मुद्दा आवर्जून सांगावासा वाटतो, कारण फक्त मागचा ब्रेक वापरण्याची सवय फार पसरलेली आहे. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर सरकतो आणि मागचे चाक हलके होते. जितके जोरात थांबायचे तितके मागचे चाक निरुपयोगी. गुरुत्वमध्य दोन्ही चाकांच्या बरोबर मध्ये आणि त्याची उंची चाकांमधील अंतराच्या ४५ टक्के धरली, तर ०.७ घर्षण गुणांकाच्या कोरड्या रस्त्यावर केवळ मागच्या ब्रेकने मिळणारे कमाल मंदन ०.३५ × ९.८ ÷ १.३१५, म्हणजे सुमारे २.६ मी./से.² येते. ताशी ५० कि.मी.वरून थांबायला यात ३७ मीटर लागतात. दोन्ही ब्रेक नीट वापरून ७ मी./से.² मिळवले तर तेच काम १४ मीटरमध्ये होते. पुढचा ब्रेक झटक्यात न आवळता क्रमाने दाब वाढवत लावावा लागतो आणि वळणावर किंवा वाळूवर तो जपून वापरावा लागतो, हे खरे. पण तेवीस मीटरचा फरक सोडून देण्यासारखा नाही.

उताराचा हिशोब सोपा आहे: घर्षण गुणांकातून उताराचे प्रमाण वजा करायचे, चढ असेल तर मिळवायचे. ७ टक्के उतारावर ओल्या रस्त्याचे ०.४५ हे ०.३८ होतात आणि ताशी ६० कि.मी.साठी ब्रेकचे अंतर ३१.५ मीटरवरून ३७ मीटरच्या पुढे जाते. लांब उतारावर खरी अडचण उष्णतेची असते. १५०० किलोची मोटार ५०० मीटर उंचीवरून खाली येते तेव्हा ७३.५ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, आणि हे प्रमाण ताशी १०० कि.मी. वेगावरून जवळजवळ १३ वेळा पूर्ण थांबण्याइतके आहे. यातला काही भाग हवेचा विरोध घेतो, उरलेला ब्रेकवर टाकला तर लायनर तापून त्यांचे घर्षण कमी होते आणि जुन्या, ओलावा शोषलेल्या ब्रेक ऑइलला उकळी फुटून पेडल मऊ पडते. त्यामुळे घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनला हे काम करू द्यावे लागते; तापलेल्या ब्रेकचे मंदन कोणत्याही तक्त्यात सापडत नाही.

थोडासा जास्त वेग काय करतो, हे अंतरांच्या तक्त्यापेक्षा आदळण्याच्या वेगावरून अधिक स्पष्ट होते. प्रतिक्रिया काळ १ सेकंद आणि मंदन ७ धरल्यास ताशी ५० कि.मी. वेगाची गाडी २७.७ मीटरमध्ये थांबते. अडथळा बरोबर तेवढ्याच अंतरावर आहे असे समजा, म्हणजे ही गाडी त्याला जेमतेम टेकून उभी राहिली. तिथे ताशी ६० कि.मी.ने आलेली गाडी अजून ४० च्या वेगात असते, ७० ची गाडी ५८ च्या आणि ८० ची गाडी जवळजवळ ७४ च्या. ताशी १०० कि.मी.च्या गाडीचा चालक पाय ब्रेकवर नेईपर्यंतच २७.८ मीटर संपलेले असतात, म्हणजे ती पूर्ण वेगाने आदळते आणि तिचे ब्रेक कितीही चांगले असले तरी त्यांना काम करायला संधीच मिळत नाही. वेगात दहाचा फरक आणि आघातात चाळीसचा, असे का होते याचे कारण वेगाच्या वर्गात आहे: वेगवान गाडी प्रतिक्रियेत जास्त अंतर गमावते आणि उरलेल्या कमी अंतरात तिला जास्त ऊर्जा घालवायची असते.

मी स्वतः हे गणित उलट्या दिशेने करण्याचा आग्रह धरतो. गाडी चालवताना वेगावरून अंतर काढण्यापेक्षा आपल्याला किती लांबचे दिसते आहे ते पाहून त्या अंतरात थांबता येईल असा वेग काढणे अधिक उपयोगाचे असते. वरचे सूत्र वेगासाठी सोडवले की ते वर्गसमीकरण होते आणि त्याचे धन उत्तर असे येते:

सुरक्षित वेग = √(मंदन² × काळ² + २ × मंदन × अंतर) − मंदन × काळ

४० मीटर दृश्य अंतर, दीड सेकंद आणि ७ मी./से.² यांसाठी वर्गमुळाखाली ११०.२५ + ५६० = ६७०.२५ येतात, वर्गमूळ २५.८९, त्यातून १०.५ वजा केल्यावर १५.३९ मी./से., म्हणजे ताशी ५५ कि.मी. ओल्या रस्त्याच्या ४.४ ला हाच वेग ताशी ४८ होतो आणि महामार्ग-आखणीचे २.५ सेकंद व ३.४ मी./से.² घातले तर अवघा ३६. डिपर प्रकाशझोतात रात्री गडद कपड्यांतला पादचारी पुष्कळदा ४० मीटरच्या आतच ओळखू येतो, हे ध्यानात घेतले म्हणजे मूळ प्रश्नातील परिस्थिती किती सर्वसाधारण आहे ते कळते.

शेवटी एक गल्लत दूर करायला हवी. थांबण्याचे अंतर आणि पुढच्या वाहनामागे ठेवायचे अंतर या दोन वेगळ्या राशी आहेत. पुढची गाडीसुद्धा थांबताना काही अंतर कापतेच, त्यामुळे दोन्ही वाहने सारख्याच मंदनाने थांबत असतील तर मध्ये फक्त प्रतिक्रियेचे अंतर पुरते. दोन सेकंदांचा प्रसिद्ध नियम यावरच उभा आहे, आणि पुढची गाडी कशावर तरी आदळून जागीच थांबली तर तो पुरत नाही. मागचे वाहन कमी मंदनाचे असेल तेव्हा लागणारे अंतर असे निघते:

किमान अंतर = वेग × काळ + (वेग² ÷ २) × (१ ÷ मागच्याचे मंदन − १ ÷ पुढच्याचे मंदन)

ताशी ८० कि.मी.ने मोटारीमागून ट्रक चालला आहे, मोटारीचे मंदन ८, ट्रकचे ५, आणि ट्रकचालकाचा काळ एअर ब्रेकचा विलंब धरून २ सेकंद आहे असे घेतले, तर ४४.४ अधिक १८.५ म्हणजे जवळजवळ ६३ मीटर येतात. त्या वेगाला हे २.८ सेकंदांचे अंतर होते. म्हणून ट्रक किंवा बस चालवणाऱ्याने कोरड्या रस्त्यावरही किमान तीन सेकंद मोजावेत: पुढच्या गाडीने रस्त्याकडेचा खांब ओलांडला की मोजायला सुरुवात करावी आणि मोजणी पुरी होण्यापूर्वी आपण त्या खांबापाशी पोहोचलो तर ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल करावा.